फोटो हलला की फोकस चुकला? धूसर फोटोंचं निदान आणि इलाज

आपल्याकडे फोटो बिघडला की त्याला एकच शब्द आहे: हलला. फोकस चुकलेला असो, नवरीने ऐन वेळी मान वळवलेली असो, नाहीतर लेन्सवर कुणाच्या तुपकट बोटाचा ठसा असो, फोटो आपला ‘हलला’. मीही बरीच वर्षं असंच म्हणायचो आणि इलाजही एकच करायचो, श्वास रोखून कॅमेरा आणखी घट्ट धरायचा. मामेबहिणीच्या लग्नात हे अंगाशी आलं.

शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली आणि मी धडाधड अकरा फोटो काढले. कॅमेऱ्यामागच्या तीन इंची पडद्यावर सगळे झकास दिसत होते. रात्री कॉम्प्युटरवर उघडले तेव्हा अकरातले नऊ गेलेले. दोघांचे हात हारासकट वर आहेत, दोघंही हसताहेत, तो फोटो तर सगळ्यात वाईट: नवऱ्याच्या नाकाला दुहेरी कड आणि हाराच्या जागी पांढरा-लाल पट्टा. मामींना मी सांगून टाकलं की हॉलमध्ये उजेड कमी होता. उजेड कमी होताच, पण फोटोची माहिती उघडली तर आत चार आकडे होते: ५५ मिमी (लेन्सची लांबी, म्हणजे झूम किती), एफ ५.६ (लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर १/२० (सेकंदाचा किती भाग उजेड आत घेतला), आयएसओ ८०० (कॅमेऱ्याने तो उजेड किती वाढवून घेतला). पंचनामा कॅमेऱ्याने स्वतःच लिहून ठेवला होता. आयएसओ ८०० च्या वर जाऊ द्यायचा नाही, फोटोत दाणे येतात, असं कुठेतरी वाचून ती मर्यादा मीच घालून ठेवली होती.

माझ्या पाहण्यातले घरगुती धूसर फोटो बहुतेक याच भीतीने बिघडलेले असतात. लोक नवी लेन्स बघायला दुकानात जातात आणि दोष असतो मेन्यूतल्या एका आकड्यात. म्हणून काही विकत घ्यायच्या आधी बिघडलेले फोटो समोर घेऊन बसा.

आधी बिघडलेला फोटो वाचा

फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करा, म्हणजे शंभर टक्क्यांवर. मग एकच प्रश्न विचारा: या फोटोत कुठे काही शार्प आहे का?

कुठेच काही शार्प नाही आणि सगळ्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या आहेत, तर तुमचा हात हलला. याची खूण पक्की असते. फोटोत समईची ज्योत, दिव्यांच्या माळेतला बल्ब किंवा दागिन्यावरची चमक शोधा. हात हलला असेल तर असा प्रत्येक ठिपका छोट्या अळीसारखा लांबट दिसतो आणि फोटोभर सगळ्या अळ्यांचं वळण सारखंच असतं.

मागची फुलांची सजावट, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ आहे आणि फक्त माणूस फरपटलेला आहे, तर तुम्ही नाही, तो हलला. दोन्हींवर शटरचा वेग वाढवणं हाच उपाय असला तरी किती वाढवायचा यात फरक पडतो. शिवाय, पुढे सांगतो तसा, स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी सोय, पहिल्या रोगावर चालतो, दुसऱ्यावर अजिबात नाही.

तिसरा प्रकार: नवरीचा चेहरा मऊ, पण तिच्या मागे उभ्या असलेल्या करवलीच्या साडीची जर धागा न् धागा दिसतेय. इथे कुणीच हललं नाही, फोकस भलतीकडे बसला. फोकसबाहेर गेलेला उजेडाचा ठिपका अळी होत नाही, त्याची गोल चकती होते. अळी की चकती, एवढं बघितलं तरी निम्मं निदान होतं.

चौथा प्रकार म्हणजे सगळा फोटो दुधात बुडवल्यासारखा. कडा दुहेरी नाहीत, पण काळा रंग काळा नाही आणि दिव्यांभोवती धुकट वलयं आहेत. हा काचेचा प्रश्न. पुसा, किंवा पावसाळ्याचा भाग वाचा.

आता माहिती उघडून ते चार आकडे बघा. दहा-पंधरा बिघडलेल्या फोटोंचे आकडे कागदावर लिहून काढलेत तर तुमची ठरलेली चूक तुम्हालाच दिसेल. माझ्या कागदावर शटरच्या रकान्यात १/१५, १/२०, १/३० याशिवाय काही नव्हतं.

शटर किती हवं

हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना हिशोब असा: लेन्सची लांबी जितके मिलिमीटर, निदान तितक्यावा भाग सेकंद. ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. हा नियम फिल्मच्या ३५ मिमी कॅमेऱ्यांच्या काळातला. आपल्यापैकी बहुतेकांकडचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग, त्यापेक्षा लहान असतो, म्हणून निकॉन, सोनी, फुजीच्या तशा कॅमेऱ्यांत लांबीला १.५ ने गुणायचं आणि कॅननच्या कॅमेऱ्यांत १.६ ने. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५, ५५ वर असेल तर ८२ ते ८८, म्हणजे १/८० ही अगदी खालची हद्द. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर बारीकसा धक्काही दाखवतो, त्यामुळे मी त्याच्याही दुप्पट धरतो, १/१६०. लग्नातला माझा फोटो १/२० चा होता. म्हणजे दुहेरी नाकाचं नवल नव्हतं, उरलेले दोन बरे आले हेच नवल.

हा झाला तुमच्या हाताचा हिशोब. समोरच्याचा वेगळा. शांत उभ्या माणसाला १/१२५ पुरतं. बोलणारी, हसणारी, हार घालणारी माणसं असतील तर १/१६० ते १/२५०. अंगणात पळणारी पोरं आणि लेझीम यांना १/५००. कबड्डीतली पकड किंवा वारीतल्या रिंगणात दौडणारा अश्व टिपायचा तर १/१००० आणि पुढे. उडत्या पक्ष्याला १/१६०० ते १/२०००. तुमच्या हाताचा आकडा आणि समोरच्याचा आकडा, यांत जो वेगवान तो घ्यायचा.

ढोल-ताशा पथक मात्र मी मुद्दाम १/१०० च्या आसपास काढतो. १/१००० ला वादकाचं टिपरू हवेत खिळल्यासारखं दिसतं आणि फोटो मुका वाटतो. १/१०० ला टिपरू थोडं फिसकटतं आणि ठेका फोटोत उतरतो. पण त्यात दहातले आठ फोटो वाया जातात, हे आधीच कबूल करून टाकतो.

आयएसओची भीती

आता त्या लग्नातल्या फोटोचा हिशोब पुन्हा मांडू. १/२० वरून १/१६० ला जायचं म्हणजे शटर तीनदा दुप्पट करायचं: २०, ४०, ८०, १६०. उजेड आठपट कमी झाला. तो भरून काढायला आयएसओही तीनदा दुप्पट करायचा: ८००, १६००, ३२००, ६४००. म्हणजे तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोच हॉल, आणि फोटो निघाला असता आयएसओ ६४०० वर. दाणे आले असते, आणि नाकही एकच आलं असतं.

दाणे किती छळतात तेही बघा. २४ मेगापिक्सेलचा फोटो चार बाय सहा इंचाच्या प्रिंटवर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापला तर त्याला लागतात १८०० गुणिले १२०० पिक्सेल, म्हणजे साधारण २१.६ लाख. कॅमेऱ्याचे अकरा पिक्सेल मिळून प्रिंटवरचा एक ठिपका होतो आणि दाणे त्या सरासरीत बरेचसे विरून जातात. मोबाइलच्या पडद्यावरही थोडंफार तसंच. दुहेरी नाक मात्र छापलं तरी दुहेरी. दाणे कमी करणारी सॉफ्टवेअर आज चांगली आहेत. जोरात हललेला चेहरा सरळ करणारं सॉफ्टवेअर तो चेहरा आपल्या मनाने रंगवतं, आणि लग्नाच्या अल्बममध्ये मला तो नको.

आयएसओ न वाढवताही थोडा उजेड कमावता येतो. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते, पण १८ वर एफ ३.५ पर्यंत. झूम मागे घेऊन दोन पावलं पुढे गेलात तर तोच १/१६० आयएसओ २५०० च्या आसपास मिळतो. ५० मिमीची एफ १.८ वाली छोटी लेन्स असेल तर आयएसओ ६४० वरच भागतं. नवी लेन्स घ्यायचीच झाली तर ही घ्या, कॅमेरा बदलू नका. पण तिचं एक दुखणं आहे, ते फोकसच्या भागात येईल.

एक व्यवहारज्ञान. हार घालताना व्हिडिओवाला आपला दिवा लावतो. तो दिवा तुम्हाला फुकट मिळालेला उजेड आहे. तो जिकडून पडतोय त्या बाजूला सरकून उभे राहा. दिव्याकडे तोंड करून काढलात तर सावलीतले चेहरे आणि लेन्समध्ये भगभग.

कॅमेऱ्याला हुकूम कसा द्यायचा

हिरवा ऑटो मोड सोडा. समोर नवरदेव उभा आहे की नाचतोय याचा बहुतेक कॅमेऱ्यांच्या ऑटोला पत्ता नसतो. ते आपले हाताच्या हिशोबाने १/६० वगैरे लावून मोकळे होतात.

सर्वांत सोपी पद्धत शटर प्रायॉरिटीची: शटर तुम्ही ठरवायचं, छिद्र कॅमेरा ठरवतो. निकॉनच्या चकतीवर ‘एस’, कॅननच्या ‘टीव्ही’. त्यात १/२०० ठेवा, आयएसओ ऑटोवर टाका आणि मेन्यूत ऑटो आयएसओची कमाल मर्यादा ६४०० करा. बस. अंधार वाढला तर कॅमेरा आयएसओ चढवेल, शटर पाडणार नाही. ६४०० लाही पुरेना झालं तर फोटो गडद येईल. गडद फोटो नंतर उजळता येतो, शिवाय रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल, काढत असाल तर चिंताच नको.

मी स्वतः अॅपर्चर प्रायॉरिटी वापरतो (छिद्र मी ठरवतो, शटर कॅमेरा), कारण मागचा भाग किती विरघळवायचा हे मला ठरवायचं असतं. त्यासाठी निकॉनमध्ये ऑटो आयएसओच्याच पानावर ‘मिनिमम शटर स्पीड’ असतं आणि सोनीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये अशीच सोय आहे. तिथे १/२०० भरून ठेवलं की काम झालं. तुमच्या कॅमेऱ्यात ती नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अॅपर्चर तुम्ही ठरवा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. ‘मॅन्युअल’ या शब्दाला बिचकायचं कारण नाही. त्यात दोन आकडे तुमचे आणि एक कॅमेऱ्याचा, इतकंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे मुहूर्ताच्या आधी करा. मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा तुमच्याकडे चांगली दहा मिनिटं असतात. त्याच जागेवरून, त्याच झूमवर भटजींच्या चेहऱ्याचा एक फोटो काढा, मागच्या पडद्यावर मोठा करून डोळे बघा, शटरचा आकडा वाचा. अंतरपाट खाली आल्यावर पडद्यात डोकं घालून बसलात तर फोटो गेलाच, वर कुणाच्या तरी अक्षता तुमच्याच मानेत.

फोकस: कॅमेऱ्याला निवडू देऊ नका

ऑटोमध्ये फोकसचा चौकोन कॅमेरा निवडतो, आणि त्याला सहसा आवडतं ते सगळ्यात जवळचं, सगळ्यात ठसठशीत. लग्नात याच्याइतकी वाईट आवड नाही. पांढऱ्या अंतरपाटावर कुंकवाचं लालभडक स्वस्तिक, कॅमेरा तिथे खिळतो. अंतरपाट खाली येतो, कॅमेरा बावचळतो, लेन्स पुढेमागे घरघरते, आणि क्षण निघून जातो. नंतर समोर येतो अक्षता टाकणारा काकांचा हात, मग तो हात शार्प.

म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो चेहऱ्यावर, शक्यतो जवळच्या डोळ्यावर ठेवा. नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर जरूर चालू करा, या कामात तो माणसापेक्षा हुशार आहे. जुन्या, आरशाच्या डीएसएलआरमध्ये मधला बिंदू सहसा सगळ्यात भरवशाचा असतो, अंधारात तोच वापरा.

बटण अर्धं दाबा, फोकस बसल्याची खूण होऊ द्या, मग पूर्ण दाबा. एका दमात खच्चून दाबणारे निम्मे फोटो इथेच घालवतात. पांढरी भिंत, प्लेन शालू, धुकं अशा सपाट गोष्टीवर फोकस बसत नाही कारण कॅमेऱ्याला पकडायला कड मिळत नाही. तिथे काठावर, जरीवर, चष्म्याच्या फ्रेमवर नेम धरा.

माणूस जागेवर असेल तर एकदाच फोकस पकडणारा मोड: निकॉन-सोनीत ‘एएफ-एस’, कॅननमध्ये ‘वन शॉट’. तो तुमच्याकडे चालत येत असेल तर सतत फोकस करणारा: ‘एएफ-सी’ किंवा ‘एआय सर्वो’. सप्तपदी, वरात, गृहप्रवेश हे सगळे दुसऱ्या गटातले. फक्त इतकं लक्षात असू द्या की सतत मोडमध्ये अनेक कॅमेरे फोकस बसायची वाट न बघता फोटो काढून टाकतात, त्यामुळे चौकोन चेहऱ्यावर राहिला पाहिजे ही जबाबदारी तुमची.

आता ५० मिमी एफ १.८ चं दुखणं. लहान सेन्सरवर एक मीटर अंतरावरून एफ १.८ ला काढलेल्या फोटोत शार्प पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटरची असते. नवरी थोडी तिरकी बसलेली असेल आणि फोकस मुंडावळ्यांच्या मोत्यांवर गेला, तर मोती चकचकीत आणि डोळा गेला. मोबाइलवर बघताना कळतही नाही, पण मोठी प्रिंट काढली की जोशी काकूंपासून सगळे विचारतात, हलला का हो? त्याच लेन्सने तीन मीटरवरून काढलं तर पट्टी पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जाते. एकट्या चेहऱ्याला ती पुरते, पण एकापुढे एक उभ्या दोघांना नाही. म्हणून जोडप्यासाठी मी एफ २.८ ठेवतो. आणि अशा कमी जागेत ‘मधल्या बिंदूने फोकस धरून मग फ्रेम फिरवायची’ ही सवय सोडा. कॅमेरा फिरवताना तुम्ही दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे झुकता, तेवढ्यात पट्टी निसटते. बिंदूच सरकवून डोळ्यावर न्या.

उलट ग्रुप फोटोला लोक घाबरून एफ १६ लावतात. गरज नसते. लहान सेन्सर, २४ मिमी, एफ ५.६, फोकस तीन मीटरवर: साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं शार्प. तीन रांगा आरामात बसल्या. एफ १६-२२ ला उजेडही जातो आणि इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरत असल्यामुळे फोटो सगळीकडेच थोडा मऊ पडतो.

फुलं, अंगठ्या, मेंदी जवळून काढताना लेन्सचं किमान अंतर तपासा. आजकालच्या १८-५५ ला ते पाव मीटरच्या आसपास असतं, ५० मिमीला ३५ ते ४५ सेंटिमीटर. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, सेन्सरपासून मोजायचं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर आडव्या रेघेने कापलेलं छोटं वर्तुळ असतं, तिथे सेन्सर आहे. कासच्या पठारावर इंचभर उंचीच्या फुलांपुढे वाकून बसलेले कितीतरी जण कॅमेऱ्याला शिव्या देताना मी पाहिलेत. ते या अंतराच्या आत शिरलेले असतात. वर तिथे वारा. फूल डोलतं आणि ओणवे असलेले आपणही डोलतो. तिथे फोकस हाताने लावून, अंग किंचित पुढेमागे करत, पाच-सहा फोटोंची माळ ओढायची. त्यातला एक लागतो. मात्र गुडघा टेकताना खाली काय चिरडलं जातंय तेही बघा.

तुम्ही चष्मेवाले असाल तर आणखी एक. व्ह्यूफाइंडरमध्येच सगळं धूसर दिसतं पण फोटो चांगले येतात, असं होत असेल तर शेजारची छोटी चकती फिरवा. समोरच्या दृश्याकडे न बघता आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायची.

धरायचं कसं

हात लांब करून, मागच्या पडद्यात बघत, आरतीचं ताट धरल्यासारखा कॅमेरा धरू नका. डावा तळवा लेन्सच्या खाली, कॅमेऱ्याचं वजन त्याच्यावर. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. कॅमेरा भुवईला लागलेला, म्हणजे डोकं हा तिसरा टेकू. एक पाय पुढे. श्वास सोडता सोडता बटण पिळल्यासारखं दाबा, ठोकू नका. फुगलेली छाती कोंडून ठेवली की हात उलट जास्त थरथरतो. माझी पहिली चूक हीच होती.

शक्य असेल तिथे तीन-चार फोटोंची माळ ओढा. पहिल्यात बोट दाबल्याचा धक्का असतो, शेवटच्यात उचलल्याचा. मधला बहुतेक वेळा बरा निघतो.

खांब, दाराची चौकट, खुर्चीची पाठ, जे मिळेल त्याला टेका. आणि एक पाच-दहा रुपयांचा जुगाड: पाव इंची बोल्टला दीड-दोन मीटर सुतळी बांधा, बोल्ट कॅमेऱ्याच्या तळाला तिपाईच्या (ट्रायपॉडच्या) भोकात बसवा, सुतळीचं दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून ताण द्या. वरखाली थरथर चांगलीच कमी होते. हार्डवेअरच्या दुकानात सहा एमएमचा बोल्ट देऊ करतील. तो घेऊ नका, आटे जुळत नाहीत. पाव इंचीच मागा, आणि भोक जेमतेम पाच मिलिमीटर खोल असतं तेव्हा जोर लावू नका.

स्टॅबिलायझरला निकॉन ‘व्हीआर’ म्हणतं, कॅनन ‘आयएस’, सोनी ‘ओएसएस’. काम एकच. तीन पायऱ्यांचा, म्हणजे तीनदा दुप्पट, फायदा धरला तर १/८० ऐवजी १/१० ला हातात फोटो निघतो, पण फक्त न हलणाऱ्या गोष्टीचा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात फ्लॅशला बंदी, आत अंधुक, आणि पद्मपाणी काही हलत नाही: तिथे स्टॅबिलायझरचं सोनं होतं. मांडवात तोच १/१० लावलात तर खांब शार्प येतील आणि वऱ्हाड भुतासारखं.

तिपाईवर लावल्यावर, विशेषतः जुन्या लेन्सचा, स्टॅबिलायझर बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. मधला दांडा शक्यतो वर काढू नका. बाकी तिपाईबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हलकी, स्वस्त तिपाई वाऱ्यात तुमच्या हातापेक्षा जास्त हलते, एवढंच.

फ्लॅश कमी अंतरावर चांगला उपाय आहे, कारण त्याचा लखलखाट इतका छोटा असतो की हालचाल गोठते. पण कॅमेऱ्यावरचा उघडणारा छोटा फ्लॅश एफ ५.६ ला दोन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, आयएसओ वाढवलात तर थोडा लांब. हॉलच्या शेवटच्या रांगेतून स्टेजवर फ्लॅश मारणाऱ्यांच्या फोटोत पुढच्या रांगेतली टकलं उत्तम उजळतात.

पावसाळा, एसी आणि बुरशी

जून-जुलैत मालवणच्या एसी खोलीतून कॅमेरा तडक समुद्रावर नेलात तर पाच सेकंदांत काचेवर दव धरतं. पुसलं की पुन्हा येतं, कारण काच अजून थंडच आहे. उपाय असा: खोलीतून निघण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या. दव पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. त्या अर्ध्या तासात चहा प्या. लेन्स काढून आत हवा घालायचा उद्योग मात्र करू नका.

दमट हवेत कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी चढते. मोबाइलचा टॉर्च एका टोकाकडून आत टाकून दुसऱ्या टोकाने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. ती बरीच पसरली की फोटो दुधाळ येऊ लागतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून लेन्स त्यात ठेवा. निळ्या दाण्यांच्या पुड्या असतील तर दाणे गुलाबी झाले की बदला. आणि लेन्स वापरत राहा, नुसती जपून ठेवलेल्या लेन्सलाच बुरशी लवकर धरते.

एक रोग असा आहे की त्याला कॅमेऱ्यात औषध नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर दहा वाजता ऊन तापलं की ३०० मिमीतून लांबचे रोहित पक्षी पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात. शटर १/२००० केलं, फोकस पक्का बसला, तरी तेच. मधली तापलेली हवाच हलतेय. नाववाल्याला पहाटेची वेळ सांगा आणि जवळ न्यायला सांगा, पण पक्षी उडतील इतकं नको.

फोटो चांगला, पण गावाला धूसर दिसतो

हल्ली निम्म्या तक्रारी या असतात. कॅमेऱ्यात शार्प, कॉम्प्युटरवर शार्प, आणि मावशी म्हणते धुरकट आलेत. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो लहान करून दाबतं. तोच फोटो पुढे, तिथून आणखी पुढे गेला आणि मधे कुणी स्क्रीनशॉट काढला की त्याचा पार चोथा होतो. पाठवताना एचडीचा पर्याय निवडा, आणि छापायला द्यायचा असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग तो आहे तसा जातो. छापखान्यात पेन ड्राइव्ह नेणं अजूनही सगळ्यात बरं.

एका संध्याकाळचा अभ्यास

हे सगळं वाचून झाल्यावर घरात एवढं करून बघा. भिंतीवर कालनिर्णयचं पान टांगलेलं असेलच. दिवेलागणीनंतर ट्यूबलाइटच्या उजेडात त्याच्यापासून दोन मीटरवर उभे राहा. लेन्स ५५ वर, आयएसओ ऑटो, स्टॅबिलायझर बंद, तारखांखालच्या बारीक अक्षरांवर फोकस. शटर १/२०० ला पाच फोटो, १/१०० ला पाच, १/५० ला पाच, १/२५ ला पाच. मग स्टॅबिलायझर चालू करून पुन्हा तेच. कॉम्प्युटरवर शंभर टक्क्यांवर बघा आणि प्रत्येक वेगाला पाचातले किती वाचता येतात ते मोजा. जिथे पाचपैकी चार वाचता येतात तो तुमच्या हाताचा खरा आकडा. तो पुस्तकी नियमापेक्षा बरा असेल किंवा वाईट, पण तुमचा असेल. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत टाका.

माझा आकडा स्टॅबिलायझरशिवाय १/१०० आला, आणि दोन कप चहानंतर १/२००.